देठाकडची फोड

नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. त्या तासात घरातली झाडून सगळी भांडी भरायची आणि मग पुढचे तीन दिवस तांब्या-तांब्यावरून एकमेकांवर डाफरायचं, असा त्या उन्हाळ्यात घरोघरी परिपाठ झाला होता. सायकलवाल्याच्या घरी भांडणाला तेवढीही जागा नव्हती. तिथे पाण्याची दोन पिंपं होती. एक माणसांचं आणि एक झाडांचं. झाडांच्या पिंपावर म्हाताऱ्याने लाकडी झाकण ठेवलं होतं आणि झाकणावर सायकलचं जुनं पेडल. पेडल कोणत्या बाजूला तोंड करून ठेवलंय हे त्याच्या ध्यानात असायचं. कोणी झाकण उघडलं की त्याला कळायचं.

चाळीस वर्षं त्याने सायकली दुरुस्त केल्या. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद केलं आणि सगळं भंगार घरामागच्या जागेत आणून टाकलं. वीस फूट लांब, बारा फूट रुंद एवढीच ती जागा. त्या भंगारातून त्याने बाग उभी केली. आऱ्यांचे आकडे केले, रिंगांचा मांडव केला. ट्यूबच्या पट्ट्या कापून त्याने वेल बांधले, कारण ट्यूब ताणते आणि वेलाला काचत नाही. रंगाच्या डब्यांत टोमॅटो आणि मिरच्या, फळांच्या खोक्यात कोथिंबीर, धुण्याच्या दगडापाशी पुदिना, कडेने झेंडू. झेंडू शोभेला नव्हता, मुळांना कीड लागू नये म्हणून होता. आणि सगळ्यांवर छत्र धरून दुधीचा वेल. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा म्हातारा स्टुलावर चढायचा, नराचं एक पांढरं फूल तोडायचा आणि ते मादीच्या फुलाला अलगद टेकवायचा. इतक्या हळुवारपणे त्याने घरातल्या माणसाला कधी हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

त्या वेलाचं पाणी म्हणजे सुनेच्या अंघोळीचं पाणी. ती मोठ्या घमेल्यात उभी राहून अंघोळ करायची, म्हणजे थेंब वाया जात नसे. मग ते घमेलं दोन्ही हातांनी उचलून मागे न्यायचं आणि आळ्यात ओतायचं. साबण लावायचा नाही. साबणाने मुळं जळतात. म्हातारा स्वतः दोन दिवसांनी ओल्या फडक्याने अंग पुसायचा, आणि मुलाच्या अंगावरचा तेलकट काळा थर साबणाशिवाय निघत नसे, म्हणून त्याचं पाणी झाडांना चालत नसे. उरली सून. दोन महिने ती नुसतं पाणी अंगावर घेत होती. मानेवर घामोळं फुटलं होतं. केसांत बोट घातलं तर चिकट यायचं आणि त्याचा वास तिला स्वतःलाच सहन होत नसे.

बाकीची घाण नवऱ्याची होती. तो वेल्डर. रस्ता रुंद झाला त्यात त्याची टपरी गेली, तेव्हापासून तो घराच्या पुढच्या खोलीत काम करायचा. त्याच खोलीत त्यांची खाट, त्याच खोलीत तिची कपड्यांची पेटी. गेटं, खिडक्या, गज सगळं खाटेला टेकून उभं. गोणपाटाचा पडदा लावला होता, पण ठिणगीला पडदा कळत नाही. तिच्या चारही साड्यांना भोकं पडली होती. ती चूल पाहायला वळली तरी डोळ्यांच्या कडेने तो निळा उजेड आत शिरायचा आणि दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू खुपायची. मागच्या जागेत शेड टाकली तर खोली रिकामी होईल, हे एकदा नवऱ्याच्या तोंडून निघालं होतं. तेव्हापासून ती त्या रिकाम्या खोलीचाच विचार करत होती. धुतलेली फरशी, धुतलेली चादर आणि साबण.

पण मागची जागा म्हाताऱ्याची होती आणि म्हाताऱ्याचा मान त्या जागेत होता.

दुधी, काकडी, दोडका हे कधीमधी कडू निघतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून शिजवण्याआधी देठाकडची फोड चाखायची. आख्ख्या गल्लीसाठी ते काम म्हातारा करायचा. घरामागची शिंपीण बाजारातून आणलेली काकडी घेऊन यायची आणि म्हणायची, "सायकलवाले, जरा चाखून द्या हो. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही." मग म्हातारा डोळे मिटायचा, फोड दातांखाली घ्यायचा, घास इकडून तिकडे फिरवायचा आणि निकाल द्यायचा. गोड, किंवा फेका. चुकला असं कधी झालं नाही. सून नवी होती तेव्हा त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "कडू दुधीला हसू नकोस सूनबाई. जीव घेतो तो. माणूस रक्त ओकतो. एक फोड कडू लागली की आख्खा फेकायचा, दया करायची नाही."

मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याला ताप आला आणि तीन आठवडे राहिला. ताप गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. त्याने पुदिन्याचं पान चावलं, तेव्हा ओला कागद चावल्यासारखं लागलं. मिरची खाल्ली, तर नुसती आग झाली, चव नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही. सुनेला कळलं ते चहावरून. तिने घाईत साखरेऐवजी मीठ घातलं होतं. नवरा थुंकला, आणि म्हातारा आपला कप रिकामा करून म्हणाला, "आज चहा झकास झालाय."

त्यानंतर पुढचा दुधी उतरला तेव्हा तो तिने आत नेला, देठाकडची चकती कापली, अर्धी स्वतः चाखली आणि उरलेली अर्धी फोड ताटलीत घालून बाहेर आणली. गोड होती. तिने सालीची बाजू त्याच्याकडे केली. पुढच्या खेपेला शिंपिणीची काकडी कडू निघाली, तेव्हा तिने पांढरी बाजू त्याच्याकडे केली. पहिल्या एकदोन वेळा म्हातारा चाचपडला. तिसऱ्या वेळी त्याने ताटलीकडे पाहिलं, डोळे मिटले, घास फिरवला आणि बरोबर निकाल दिला. या गोष्टीबद्दल दोघांमध्ये एक अक्षरही कधी निघालं नाही. सहा महिने तो तिच्या जिभेवर मान मिळवत होता. त्याबद्दल त्याने तिला एकदा जरी माणसासारखी हाक मारली असती, तरी पुढचं घडलं नसतं असं मला वाटतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

सुनेचा भाऊ गवंडी होता. चैत कडक तापायला लागला तेव्हा वेल्डरने त्याला बोलावून घेतलं. दोघांनी मागे जाऊन टेप धरली. म्हातारा झेंडू खुरपत होता, तो खुरप्यासकट उठला.

"काय मोजताय?"

"बाबा, शेड टाकायचीय," वेल्डर म्हणाला. "खोलीत काम होत नाही. परवा खाट पेटता पेटता राहिली."

"मग खाट बाहेर काढ."

"अहो बाबा, भाजी बाजारात मिळते."

"बाजारात मुलगेही मिळत असते तर बरं झालं असतं."

गवंडी हसला. तो हसऱ्या स्वभावाचाच होता आणि त्याचं हसणं समोरच्याला कुठे लागतं याची त्याला कधी फिकीर नव्हती. "मामा, वेलाचा रंग बघा. पाणी नाही, ऊन हे असं. यंदा तुमचा दुधी कडूच निघायचा. आणि कडू ते कडू, तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा."

"निघू दे की. माझी जीभ आहे ना." म्हाताऱ्याने खुरपं गवंड्याच्या छातीसमोर धरलं. "पाहुणे, ऐकून ठेवा. ही जीभ ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी हा मांडव मी माझ्या हाताने सोडीन. तोवर इथे खांब रोवायचा नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सून दारात उभी होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वेल्डरने बागेच्या कडेला, शब्द मोडू नये इतक्या अंतरावर, चार खांब उभे करून घेतलेच. नव्या सिमेंटला पाणी मारावं लागतं. तो झाडांच्या पिंपातून पाणी घ्यायला लागला. पेडल रोज सकाळी उलट्या तोंडाने सापडायचं. म्हातारा ओरडायचा, वेल्डर मशीन चालू करायचा, त्या आवाजात शिव्या बुडायच्या. टोमॅटो गेले. कोथिंबीर गवतासारखी पिवळी पडली. दुधीची कोवळी फळं बोटाएवढी होऊन गळायला लागली आणि एकच फळ उरलं. आता वेलाला एका घमेल्याचाच आधार होता.

एका सकाळी सुनेला राहवलं नाही. मान सोलवटून निघाली होती. तिने साबणाचा जुना तुकडा घेतला आणि फक्त मानेला आणि काखेत लावला. पाणी तिने नेहमीसारखं उचलून मागे नेलं. म्हातारा आळ्यापाशी बसला होता. गवंडी खांबांवर पाणी मारत होता, आणि कुंपणापलीकडे शिंपीण धुणं वाळत घालत होती.

म्हाताऱ्याने घमेल्यात हात घातला, दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि थांबला.

"साबण लावलास?"

"थोडासाच, मामंजी. मानेला—"

"थोडासाच! शेवटचं फळ आहे वेलावर, आणि हिला नटायचंय! कोणाला दाखवायचीय ती मान?" म्हातारा भिंत धरून उठला. "पाहुणे, वास घ्या, वास. तुमच्या बहिणीचा आहे." त्याने घमेलं कुंपणापर्यंत फरफटत नेलं आणि ते पाणी शिंपिणीच्या पायांपर्यंत रस्त्यावर ओतून दिलं. त्या पाण्यात तिचे दोन लांब केस होते. ते मातीवर पडून राहिले.

"जा, दुसरं पाणी घे. बिनसाबणाचं."

शिंपिणीने मान खाली घातली. गवंडी हसला नाही, खांबांवर पाणी मारत राहिला. सुनेने माणसांच्या पिंपातून, म्हणजे सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यातून, दुसरी बादली घेतली आणि दार लावून पुन्हा अंघोळ केली. बाहेरून म्हातारा विचारत होता, "झालं का? वेल वाट बघतोय." तिने घमेलं आणून ओतलं. तिचा चेहरा कोरडा होता.

त्यानंतर पाचव्या दिवशी म्हाताऱ्याने ते फळ उतरवलं. वीतभरापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार. त्याने ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि लोकांना दिसेल असं हातात धरून अंगणात आला. वेल्डर आणि गवंडी खांबांवर टाकायचे लोखंडी अँगल हातगाडीवरच मोजत होते.

"बघा. निघाला का नाही? सूनबाई, फोड आण."

'सूनबाई' आज त्याच्या तोंडून निघालं होतं. ती दुधी घेऊन आत गेली. विळीवर देठाकडची चकती कापली आणि जिभेच्या टोकाला लावली मात्र, सगळं तोंड आवळून आलं. ती थुंकली, तिने दोनदा चूळ भरली, तरी घशात कडवटपणा राहिला. वेलाने सगळी तहान त्या एका फळात भरली होती.

ती विळीवर बसून राहिली. बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला, "झालं का? किती वेळ?" अंघोळीच्या वेळी जसा यायचा तसाच.

तिने ताटली घेतली. फोड ठेवली आणि सालीची बाजू पुढे केली.

म्हाताऱ्याने ताटलीकडे पाहिलं. डोळे मिटले, घास फिरवला, गिळला. "गोड," तो म्हणाला. "काकडीसारखा गोड."

"तुम्हीपण चाखा ना," सून म्हणाली आणि पदराआडची दुसरी ताटली पुढे केली. तिच्यात चार फोडी होत्या. "मामंजींचा यंदाचा शेवटचा दुधी."

वेल्डरने एक उचलली, चावली आणि खाली वाकून थुंकला. "थू! अरे, विष आहे हे! पाणी आण!"

गवंड्याने फोड नुसती जिभेला टेकवली आणि त्याला हसू आवरेना. "मामा! काकडीसारखा! कुठल्या काकडीसारखा म्हणालात?"

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. मग रिकाम्या ताटलीकडे, जिथे सालीची बाजू त्याच्याकडे केलेली होती. त्याला सगळं कळलं. हिने फसवलं, एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे सहा महिन्यांची मेलेली जीभ सगळ्यांपुढे बाहेर काढायची. सुनेला वाटलं, आता हा खाली बसेल, मान खाली घालेल, आणि विषय संपेल. एवढंच तिने धरलं होतं.

"तुमच्या जिभा विडीने मेल्यात," म्हातारा म्हणाला. "गोड आहे." आणि त्याने तिच्या हातातल्या ताटलीतली एक फोड उचलून तोंडात टाकली.

"गोड आहे ना? मग घ्या, अजून घ्या," गवंडी म्हणाला. तो आत जाऊन उरलेला दुधी आणि विळी घेऊन आला आणि अंगणातच फोडी करायला बसला. "दाजी, जीभ चुकली की मांडव सोडणार म्हणाले होते, आठवतंय ना?"

"चुकली नाही," म्हातारा म्हणाला आणि खात राहिला.

"बाबा, पुरे," वेल्डर म्हणाला, पण तोही हसत होता. कित्येक महिन्यांनी तो बापासमोर हसत होता.

म्हातारा उभ्याने खात होता. एक फोड, मग दुसरी. चावताना गालाचं हाड वरखाली व्हायचं, हनुवटीवरून पाणी ओघळायचं. त्याला काहीच लागत नव्हतं. पण आपण काय खातोय हे त्या अंगणात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्याखालोखाल सुनेला. त्यानेच तिला शिकवलं होतं. तो तिच्याकडे बघत खात होता. ती आता बोलेल का, एवढंच बघत असावा.

ती बोलली नाही. गवंडी सातवी फोड पुढे करत होता तेव्हा तिने "पुरे करा" म्हटलं, तेही इतक्या हळू की कोणाच्या कानावर गेलं नाही. म्हाताऱ्याने ती फोडही घेतली. निम्म्याहून जास्त दुधी संपला होता.

तासाभरात तो धुण्याच्या दगडाशी ओणवा झाला. आधी पाणी पडलं, मग हिरवं, मग लाल. पुदिन्यावर रक्त उडालं. गवंड्याचं हसणं तेव्हा थांबलं. वेल्डरने बापाला हातगाडीवर घातलं, खालच्या लोखंडी अँगलांसकट, कारण ते उतरवायलाही वेळ नव्हता, आणि दोघांनी गाडी दवाखान्याकडे पळवली. डॉक्टरने विचारलं, "कडू होता हे कळलं नाही का यांना?" वेल्डर म्हणाला, "म्हातारपण, साहेब. हट्ट."

म्हातारा मेला नाही. सहाव्या दिवशी परत आला, निम्मा होऊन. गालांत खड्डे, हातांवर सुयांचे काळे डाग. सहा दिवस वेलाला कोणी पाणी घातलं नव्हतं. तो मांडवावर कुरकुरीत वाळून लटकला होता. गवंडी शेडच्या मापाची दोरी घेऊन हजर होता. आज त्याने नजर वर केली नाही.

म्हाताऱ्याने स्टूल ओढलं आणि चढायला लागला.

"बाबा, राहू दे, मी सोडतो," वेल्डर म्हणाला.

"शब्द माझा आहे."

तो ट्यूबची एकेक पट्टी सोडायला लागला. कापली नाही, गाठ सोडून, गुंडाळून खिशात ठेवत गेला. एकेका गाठीला वेळ लागत होता. दोघं तरुण बाप्ये खाली उभे राहून बघत होते. सून चहा घेऊन आली. स्टुलाशी उभी राहून तिने कप वर केला.

म्हाताऱ्याने कपाकडे पाहिलं.

"आधी तू पी," तो म्हणाला.

"बाबा, काय हे?" वेल्डर म्हणाला.

"तिची जीभ चांगली आहे. मला माहीत आहे."

सुनेने घोट घेतला. साखर बरोबर होती. म्हातारा तिचा चेहरा न्याहाळत होता. मग त्याने कप घेतला आणि रिकामा करून परत दिला.

शेड झाली. आता वेल्डर मागे काम करतो, पुढची खोली रिकामी आहे. फरशी धुतलेली असते, साड्यांना भोकं पडत नाहीत, आणि सून साबण लावून अंघोळ करते. म्हातारा शेडच्या कोपऱ्यात, जिथे पुदिना होता तिथे, स्टुलावर बसून असतो. शिंपीण आता कोणाकडेच काकडी आणत नाही.

दुपारी सून ताट घेऊन मागे येते. वेल्डर मशीन बंद करतो, काम घेऊन आलेली गिऱ्हाइकं गप्प होतात, कारण आता सगळ्यांना ही रीत माहीत झाली आहे. ती सासऱ्यासमोर उकिडवी बसते आणि ताटातल्या भाजीचा पहिला घास स्वतःच्या तोंडात घालते. म्हातारा पुढे वाकून ती गिळेपर्यंत बघतो.

"कशी आहे?"

"गोड आहे, मामंजी."

"खा. अजून एक खा."

ती अजून एक घास खाते. मग म्हातारा ताट पुढे ओढतो आणि जेवायला लागतो.